घटक ४ : दृक्प्रत्ययवादी व्यक्तिचित्राचे वाचन – भाववृत्ती आणि प्रतीकार्थ

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

• व्यक्तिचित्रातील भाववृत्ती चित्राच्या कोणत्या घटकांतून सूचित होते, ते स्पष्ट करणे.
• रूढ प्रतीक आणि संदर्भातून घडणारे प्रतीक यांतील भेद उदाहरणाने दाखवणे.
• चित्रात दिसणारे, चरित्रातून कळणारे आणि आपणांस वाटणारे या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे.
• एकाच चित्राच्या दोन परस्परविरोधी अर्थांची साधार तपासणी करणे.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, कवितेतील प्रतिमा कशी वाचावी, याचा सराव आपण यापूर्वी केला आहे. कवितेत शब्द असतात. त्यांचा वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि व्यंग्यार्थ आपण शोधतो. चित्रात शब्द नसतात. तेथे रंग, रेषा, छायाप्रकाश आणि आकृतींची मांडणी एवढेच असते. त्यामुळे चित्राविषयी लिहिताना अनेकांची लेखणी दोन टोकांना जाते. काहीजण दिसेल तेवढ्याची यादी देऊन थांबतात. तर काहीजण चित्राकडे ओझरते पाहून आपल्याच मनातील भावना त्यावर लादतात. पहिल्या प्रकारात अर्थ हाती लागत नाही आणि दुसऱ्यात चित्र हातचे निसटते.

या दोन्ही टोकांच्या मधली वाट कोणती, हे एका चित्राच्या आधारे पाहणे हा या घटकाचा हेतू आहे. त्यासाठी फ्रेंच चित्रकर्त्री बर्थ मोरिझो यांचे १८७२ मधील ‘पाळणा’ हे तैलचित्र निवडले आहे. शक्य असल्यास त्याची प्रतिकृती समोर ठेवून हा घटक वाचावा. प्रतिकृती उपलब्ध नसेल, तर ४.३.२ मधील वर्णन दोनदा वाचून चित्र डोळ्यांसमोर उभे करावे आणि मगच पुढे जावे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ चित्राची पार्श्वभूमी

एप्रिल १८७४ मध्ये पॅरिसच्या बुलवार दे कापुसिन या रस्त्यावर, छायाचित्रकार नादार यांच्या पूर्वीच्या स्टुडिओत, सुमारे तीस कलावंतांनी स्वतंत्र प्रदर्शन भरवले. ‘सालोन’ या अधिकृत वार्षिक प्रदर्शनाच्या निवड मंडळावर अवलंबून न राहता आपली चित्रे थेट रसिकांपुढे मांडावीत, हा त्यांचा उद्देश होता. याच प्रदर्शनात क्लोद मोने यांचे सूर्योदयाचे चित्र होते. त्याच्या शीर्षकातील ‘इम्प्रेशन’ या शब्दावरून लुई लरॉय या समीक्षकाने या मंडळींची थट्टा केली आणि पुढे थट्टेचे तेच नाव चळवळीला चिकटले. मराठीत या चळवळीला दृक्प्रत्ययवाद म्हणतात. वस्तू कशी आहे यापेक्षा विशिष्ट क्षणी, विशिष्ट प्रकाशात ती डोळ्यांना कशी प्रतीत होते, याकडे या चित्रकारांचे लक्ष होते.

बर्थ मोरिझो (१८४१–१८९५) या गटाबरोबर चित्रे मांडणाऱ्या पहिल्या स्त्री चित्रकार होत. दृक्प्रत्ययवाद्यांच्या आठ प्रदर्शनांपैकी सातांत त्यांचा सहभाग होता. ‘पाळणा’ हे चित्र पहिल्याच प्रदर्शनात होते. काही समीक्षकांनी त्यातील नजाकतीची दखल घेतली. परंतु विक्रीचे प्रयत्न फळाला आले नाहीत. चित्र त्यातील स्त्रीच्या कुटुंबातच राहिले. १९३० मध्ये ते लूव्र संग्रहालयाने विकत घेतले. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

चित्रासाठी बसलेली स्त्री म्हणजे मोरिझो यांची थोरली बहीण एद्मा, आणि पाळण्यातील बाळ म्हणजे एद्मा यांची कन्या ब्लांश. येथे एक सूचना लक्षात ठेवावी. पुढील विवेचनात चित्रातील स्त्रीचा उल्लेख ‘ती’ असा, तर एद्मा यांचा उल्लेख ‘त्या’ असा केला आहे. हा भेद केवळ आदरार्थाचा नाही. ‘ती’ रंगांनी घडलेली आहे आणि चित्राच्या चौकटीतच राहते. ‘त्या’ इतिहासात जगल्या. दोघींची सरमिसळ झाली, की अर्थनिर्णयात चुका होऊ लागतात.

४.३.२ प्रथम वर्णन

अर्थ लावण्यापूर्वी चित्रात काय आहे, ते विशेषणे टाळून सांगता आले पाहिजे.

चित्र लहान आहे. उंची सुमारे ५६ सेंटिमीटर, रुंदी सुमारे ४६ सेंटिमीटर. डाव्या बाजूला एक तरुण स्त्री बसली आहे. तिचा पोशाख गडद आहे, गळ्याशी काळी फीत आहे. डावा हात कोपरात दुमडून तिने गालाशी टेकवला आहे. तिची दृष्टी खाली, उजवीकडे, पाळण्यातील बाळाकडे आहे. पाळण्यावरून झिरझिरीत पांढरा जाळीचा पडदा खाली आला आहे. दुसऱ्या हाताने तिने त्या पडद्याची कड धरली आहे. जाळीतून बाळ अस्पष्ट दिसते. त्याचे डोळे मिटलेले आहेत आणि त्याचाही एक हात दुमडून वर गेलेला आहे. मागे खिडकीचा फिकट पडदा आहे. पांढऱ्या रंगात निळसर, करड्या आणि गुलाबी छटा मिसळल्या आहेत.

या परिच्छेदात ‘प्रेमळ’, ‘उदास’, ‘थकलेली’ असा एकही शब्द नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. हे शब्द वापरण्याचा अधिकार पुढील पायरीवर मिळतो आणि तोही पुराव्यासह.

> स्वयंअध्ययन प्रश्न – १
> अ) वरील वर्णनातील कोणत्या दोन आकृतींत साम्य आहे?
> आ) चित्रातील स्त्री प्रेक्षकाकडे पाहते का?

४.३.३ भाववृत्ती कोठे असते?

भाववृत्ती चेहऱ्यावर असते, हे आपले नेहमीचे उत्तर. या चित्रात ते अपुरे पडते. कारण तिचा चेहरा फारसे काही सांगत नाही. ती हसत नाही, रडत नाही, आपल्याकडे पाहत नाही. म्हणून चेहऱ्यापलीकडे पाहावे लागते.

पहिला घटक म्हणजे देहबोली. गालावर हात ही मुद्रा आपल्या परिचयाची आहे. ‘गालाला हात लावून का बसलीस?’ असे आपण विचारतो, तेव्हा काळजी गृहीत धरलेली असते. युरोपीय कलेतही या मुद्रेला जुनी परंपरा आहे. आल्ब्रेख्त ड्यूरर यांच्या १५१४ मधील ‘मेलेन्कोलिया’ या प्रसिद्ध कोरीवचित्रातील सपंख आकृती अशीच डोके हातावर टेकून बसली आहे. परंतु केवळ मुद्रेवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. बाळ झोपण्याची वाट पाहत बसलेली कोणतीही बाई असा हात टेकवू शकते. म्हणून दुसऱ्या हाताकडे पाहावे. तो पडद्याच्या कडेवर आहे आणि काहीतरी करतो आहे. एक हात विसावलेला, एक हात जागा. शीण आणि दक्षता या दोन गोष्टी एकाच देहात एकाच वेळी आहेत, एवढे विधान चित्राच्या आधारे निश्चित करता येते.

दुसरा घटक म्हणजे रचना. तिची दृष्टी, दुमडलेला हात आणि बाळाचे मिटलेले डोळे यांतून डावीकडून उजवीकडे उतरणारी एक तिरकी रेषा तयार होते. मागील पडद्याचा ओघही त्या रेषेला साथ देतो. आईचा आणि बाळाचा दुमडलेला हात एकमेकांचे प्रतिध्वनी वाटतात. दोघी एकमेकींना स्पर्श करत नाहीत, तरी रचना त्यांना जोडते. स्पर्शावाचूनची ही जवळीक चित्राच्या भाववृत्तीचा गाभा आहे.

तिसरा घटक म्हणजे रंगलेपन. जाळीचा पडदा मोरिझो यांनी तंतू मोजून रंगवलेला नाही. मोकळ्या, हलक्या फटकाऱ्यांनी तो सुचवला आहे. त्यामुळे बाळाच्या आकृतीला धूसरपणा येतो आणि आपली नजर तेथे रेंगाळते. जे पूर्ण सांगितलेले नसते, ते वाचक पुरे करतो, हा व्यंजनेचा अनुभव आपणांस कवितेतून परिचित आहे. दृक्प्रत्ययवादी चित्रात ते कार्य अनेकदा असा सैल फटकारा करतो.

४.३.४ प्रतीकार्थ : तीन उदाहरणे

प्रतीक म्हणजे स्वतःचे वस्तुरूप न सोडता स्वतःपलीकडील अर्थ सुचवणारी गोष्ट. काही प्रतीके परंपरेने ठरलेली असतात. त्यांना आपण रूढ प्रतीके म्हणू. काही त्या विशिष्ट कलाकृतीच्या मांडणीतूनच अर्थ मिळवतात. ती संदर्भजन्य प्रतीके होत.

*काळा रंग.* तिच्या गडद पोशाखावरून ‘काळा म्हणजे शोक’ असे लिहिण्याचा मोह होईल. आपल्याकडील अनुभवच हा मोह आवरू शकतो. मंगलकार्यात वर्ज्य मानलेला काळा रंग मकरसंक्रांतीला सणाचा रंग होतो. बाळाच्या गालावर तो दृष्ट न लागण्यासाठी तीट म्हणून येतो. रंगाचा अर्थ प्रसंग ठरवतो. तत्कालीन पॅरिसमधील मध्यमवर्गीय स्त्रियांच्या पोशाखात काळा रंग आणि गळ्यातील काळी फीत प्रचलित होती. १८७२ मध्येच एदुआर माने यांनी स्वतः बर्थ मोरिझो यांचे, जांभळ्या व्हायोलेट फुलांच्या गुच्छासह, काळ्या वेषातील व्यक्तिचित्र रंगवले. म्हणून येथे काळ्याला शोकाचे प्रतीक म्हणता येत नाही. त्याचे कार्य रचनेत शोधावे. पडद्याच्या शुभ्रतेसमोर तो गडदपणा आईला वजन देतो आणि बाळाचे जग अधिक हलके, अधिक नाजूक भासते.

*पाळणा.* आई आणि मूल हा युरोपीय चित्रकलेत माता मेरी आणि बाळ येशू यांच्या रूपाने शतकानुशतके आलेला विषय आहे. मोरिझो यांच्या प्रेक्षकांना ती परंपरा ठाऊक होती. परंतु या चित्रात प्रभावलय नाही, सिंहासन नाही, देवदूत नाहीत. आहे ते एका घरातील दुपार म्हणावी असे साधे दृश्य. परंपरेचे स्मरण जागे ठेवून तिची पवित्र उपकरणे वगळली, की नेहमीच्या जगण्यालाच गांभीर्य प्राप्त होते. शीर्षकही लक्षणीय आहे. ते एद्मा यांचे नाव घेत नाही, ‘आई’ असेही म्हणत नाही. ते वस्तूचे नाव घेते. व्यक्तिचित्र येथे प्रसंगचित्राच्या सीमेवर उभे आहे.

*पडदा.* चित्रातील सर्वांत समर्थ संदर्भजन्य प्रतीक हेच. पडद्याची कड तिच्या हाती आहे आणि पडदा आपल्या व बाळाच्या मध्ये येतो. म्हणजे पडदा बाळाला आपल्यापासून राखतो. आपण त्या खोलीत बाहेरून आलेले आहोत, पाऊल न वाजवता उभे आहोत, ही जाणीव पडद्यामुळे होते. शिवाय तो पारदर्शक आहे. तो लपवतो आणि दाखवतोही. संरक्षण आणि अंतर हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. मात्र ‘पडदा’ या मराठी शब्दाला असलेला पडदापद्धतीचा अर्थ येथे आणू नये. तो आपल्या भाषेचा अर्थ आहे, चित्राचा नव्हे.

> स्वयंअध्ययन प्रश्न – २
> ‘पडदा’ हे या चित्रात रूढ प्रतीक आहे की संदर्भजन्य? एका वाक्यात कारण द्या.

४.३.५ चरित्राचा उपयोग आणि मर्यादा

एद्मा याही चित्रकार होत्या. दोघी बहिणींनी एकत्र धडे घेतले, लूव्रमध्ये जुन्या चित्रांच्या नकला केल्या, कामीय कोरो यांचे मार्गदर्शन घेतले. १८६४ च्या सालोनमध्ये दोघींची चित्रे स्वीकारली गेली. पॅरिसच्या शासकीय ललित कला विद्यालयात त्या काळी स्त्रियांना प्रवेशच नव्हता. तो १८९७ मध्ये मिळाला. हे ध्यानात घेता त्यांच्या यशाचे मोल कळते. १८६९ मध्ये एद्मा यांचा नौदलातील अधिकारी आदोल्फ पाँतियों यांच्याशी विवाह झाला आणि त्यांचे चित्र काढणे जवळजवळ थांबले. विवाहानंतर बहिणीला लिहिलेल्या पत्रांत स्टुडिओची ओढ व्यक्त झाली आहे.

हे वाचल्यावर चित्र पूर्वीसारखे राहत नाही. तिच्या गालावरचा हात आता हरवलेल्या कुंचल्याविषयी बोलू लागतो. आपल्यापैकी अनेकांनी संसार, नोकरी किंवा परिस्थितीमुळे मध्येच सोडलेले शिक्षण पुन्हा हाती घेतले आहे. त्यामुळे हा अर्थ मनाला अधिक भिडण्याची शक्यता आहे. तसे होणे स्वाभाविक आहे. परंतु जो अर्थ आपल्याला सर्वांत जवळचा वाटतो, त्याचीच तपासणी सर्वांत काटेकोर व्हावी लागते. चित्रात कुंचला नाही, रंगपाटी नाही, कोपऱ्यात उभा केलेला कॅनव्हास नाही. कलात्यागाचे दुःख एद्मा यांच्या पत्रांत आहे. ते ‘तिच्या’ मुद्रेत आहे, असे चित्र स्वतः सांगत नाही.

सावधगिरीसाठी एक शेजारचे उदाहरण घेऊ. एद्गार देगा यांच्या १८७५–७६ मधील ‘अ‍ॅब्सिंथ’ या चित्रात कॅफेत मद्याच्या पेल्यापुढे शून्य नजरेने बसलेली स्त्री आहे. तिची विषण्णता इतकी खरी वाटते, की चित्रासाठी बसलेल्या व्यक्तीच व्यसनी असाव्यात, असा समज पसरला. प्रत्यक्षात ती स्त्री एलेन आंद्रे ही अभिनेत्री होती आणि शेजारचा पुरुष मार्सेलें देबुतें हा चित्रकार होता. दोघे व्यसनी नाहीत, असा खुलासा देगा यांना करावा लागला. चित्रातील भाववृत्ती खरी असते. पण ती चित्रासाठी बसलेल्या व्यक्तीच्या जीवनाचा दाखला नसते.

मग चरित्राचा उपयोग काय? चरित्र उत्तर देत नाही. कोठे पाहावे, ते सुचवते. एद्मा चित्रकार होत्या हे कळल्यावर आपण चित्राकडे परत जातो आणि एक गोष्ट नव्याने दिसते. चित्रातील मुख्य क्रिया ‘पाहणे’ ही आहे. ती बाळाकडे पाहते आणि बर्थ तिच्याकडे पाहतात. आपण प्रेक्षक जेथे उभे आहोत, ती जागा चित्रकर्त्रीची आहे. एकेकाळी दोघी बहिणी शेजारी शेजारी चित्रफलक मांडत; आता एक फलकाच्या अलीकडे आहे, दुसरी पलीकडे. हे विधान चरित्राने सुचवले आहे, पण त्याला चित्राच्या रचनेचा आधार आहे. म्हणून ते ग्राह्य ठरते.

४.३.६ दोन अर्थ आणि त्यांची तपासणी

या चित्राविषयी दोन टोकांचे अर्थ संभवतात.

पहिला : हे मातृत्वाचे निर्भेळ गौरवचित्र आहे. या अर्थात पडद्याची कड धरलेला हात आणि हातांची सममिती यांचा उलगडा होतो. पण गालावरचा हात, तिचा निर्विकार चेहरा आणि दोघींमधील अंतर यांचे काय करायचे, ते कळत नाही.

दुसरा : हे संसारात अडकलेल्या स्त्रीच्या कोंडमाऱ्याचे चित्र आहे. या अर्थात गालावरचा हात बसतो. पण प्रकाशाची मृदुता, बाळावर खिळलेली दृष्टी आणि राखण करणारा हात बाहेर राहतात.

अर्थनिर्णयाची कसोटी अशी : चित्रातील जास्तीत जास्त तपशिलांना जो अर्थ सामावून घेतो, तो अधिक समर्थ. येथे भारतीय साहित्यशास्त्र उपयोगी पडते. भरताच्या आठ रसांत वात्सल्य नाही. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वत्सल रसाला मान्यता दिली. त्या परिभाषेत बाळ हा आलंबन विभाव, पडद्यातून झिरपणारा प्रकाश व निवांतपणा हे उद्दीपन विभाव, तर दृष्टी व दोन्ही हात हे अनुभाव म्हणता येतील. वात्सल्य हा स्थायी भाव मानला, तर श्रम, चिंता, स्मृती हे संचारी भाव त्यावर उमटून जातात. संचारी भाव स्थायी भावाला खोडून काढत नाहीत, त्याला पुष्ट करतात, हे आपण शिकलो आहोत. आईचे प्रेम आणि आईचा शीण यांतून एकाची निवड करण्याची सक्ती चित्र आपल्यावर करत नाही. ही परिभाषा मोरिझो यांच्या मनात नव्हती, हे उघड आहे. ती आपले वाचनाचे साधन आहे आणि साधन म्हणूनच वापरावी.

नमुना उत्तर (प्रश्न : ‘पाळणा’ या चित्रातील भाववृत्ती थोडक्यात स्पष्ट करा.)

*‘पाळणा’ या चित्रात वात्सल्य आणि शीण यांचा एकत्रित प्रत्यय येतो. स्त्रीचा एक हात गालावर विसावला आहे, तर दुसरा पडद्याची कड धरून बाळाची राखण करतो. तिची दृष्टी आणि दोघींचे दुमडलेले हात यांतून तयार होणारी तिरकी रेषा स्पर्शावाचून आई-बाळाला जोडते. पारदर्शक पडदा संरक्षण आणि अंतर असे दोन्ही अर्थ सुचवतो. चित्रकर्त्रीची बहीण एद्मा यांनी विवाहानंतर चित्रकला जवळजवळ सोडली होती. मात्र कलात्यागाचे दुःख चित्रात थेट दर्शवलेले नाही. म्हणून ही भाववृत्ती शोकाची नसून चिंतनशील, दक्ष वात्सल्याची आहे, असे म्हणता येते.*

४.४ सारांश

व्यक्तिचित्रातील भाववृत्ती केवळ चेहऱ्यात नसते. ती देहबोली, रचना आणि रंगलेपन यांच्या परस्परसंबंधांतून निर्माण होते. रंग किंवा वस्तू यांचा प्रतीकार्थ प्रसंग आणि मांडणी यांवरून ठरतो; ठरावीक कोशातून तो उचलता येत नाही. चरित्र अर्थाची दिशा सुचवते, पण पुरावा चित्रातच मिळाला पाहिजे. ‘दिसते’, ‘कळते’ आणि ‘वाटते’ ही तीन क्रियापदे वेगळी ठेवून वाचन केले, तर चित्रातील स्त्रीला आदर्श मातेच्या साच्यात किंवा पीडितेच्या साच्यात कोंबण्याची वेळ येत नाही. तिच्या मनाची गुंतागुंत तिच्यापाशी राहते आणि तिच्याविषयी न्याय्य बोलणे शक्य होते.

४.५ पारिभाषिक शब्द

*दृक्प्रत्ययवाद* : विशिष्ट क्षणी व प्रकाशात वस्तू डोळ्यांना जशी प्रतीत होते, तशी रंगवण्यावर भर देणारी एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रचळवळ.
*भाववृत्ती* : कलाकृतीत व्यापून राहिलेली भावनिक अवस्था.
*संदर्भजन्य प्रतीक* : विशिष्ट कलाकृतीच्या मांडणीतून अर्थ मिळवणारे प्रतीक.
*अनुभाव* : मनातील भाव व्यक्त करणाऱ्या शारीरिक क्रिया.

४.६ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) आईचा आणि बाळाचा दुमडलेला हात. आ) नाही; तिची दृष्टी बाळाकडे आहे.
प्रश्न २ : संदर्भजन्य, कारण त्याचा अर्थ तो कोणाच्या हाती आहे आणि कोणाच्या मध्ये येतो, यावरून ठरतो.

४.७ स्वाध्याय

१. ‘चरित्र उत्तर देत नाही, कोठे पाहावे, ते सुचवते.’ या विधानाची ‘पाळणा’ आणि ‘अ‍ॅब्सिंथ’ या चित्रांच्या आधारे चर्चा करा. (सुमारे ३०० शब्द)
२. काळ्या रंगाव्यतिरिक्त, प्रसंगानुसार अर्थ बदलणाऱ्या एखाद्या रंगाची मराठी लोकजीवनातील दोन उदाहरणे द्या.
३. आपल्या घरातील एखाद्या स्त्रीचे जुने छायाचित्र घ्या. प्रथम भावनावाचक विशेषण न वापरता त्याचे दहा ओळींत वर्णन करा. नंतर तिच्याविषयी आपल्याला ठाऊक असलेली माहिती स्वतंत्र परिच्छेदात लिहा. शेवटी भाववृत्तीविषयी एकच विधान करा आणि त्याचा आधार पहिल्या परिच्छेदात आहे की दुसऱ्या, ते नोंदवा.